मागच्या बाकावर

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्र शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळी रेशनच्या सत्रात एवढी भांडाभांडी झाली की माझा विषय आज निघतच नाही असं वाटलं होतं. निघाला. फळ्यावर ताईंनी लिहिलंय, ‘कॅथलिक चर्च आणि समलिंगी माणसं’. ते वाचून मुरबाडकडच्या एका बाईने मघाशी मला पाण्याच्या माठापाशी गाठून विचारलं, ‘‘ताई, आमच्या गावात चर्चच नाही. आम्ही हे कशाला ऐकायचं?’’

प्रश्न बरोबर आहे. शहापूर-मुरबाडात कॅथलिक घरं फार थोडी. पण सिस्टरांचे दवाखाने, शिवणाचे वर्ग, मुलींची वसतिगृहं आपल्या ओळखीची आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मुली तिथे राहून शिकल्या. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका गटातली बाई माझ्याकडे आली. तिची मुलगी नर्सिंगला आहे, सिस्टरांच्या वसतिगृहात राहते. राहत होती. तिची आणि तिच्या मैत्रिणीची ‘जास्त मैत्री’ आहे अशी कोणीतरी तक्रार केली. दोघींच्या पेट्या उघडल्या, चिठ्ठ्या सापडल्या, घरी फोन गेले, आणि दोन दिवसांत दोघी पेटीसकट एसटीत. आई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ‘‘तुम्ही त्याच धर्माच्या ना? तुमच्या धर्मात हे काय लिहिलंय ते मला नीट सांगा. म्हणजे कुठं जाऊन भांडायचं ते कळेल.’’

त्या आईने आज इथे बोलायची परवानगी दिली आहे. अट एकच, नाव नाही, गाव नाही, तालुकाही नाही. तेव्हा कोणी अंदाज बांधत बसू नका. बांधलेत तरी चहाच्या वेळी तो एकमेकींना सांगू नका.

माझी ओळख तुम्हाला आहे, तरी नव्या बायकांसाठी सांगते. मी वसईची. घरी कादोडी बोलायचो, चर्चमध्ये मराठी. 1989 साली शहापूरला आले ती इथलीच झाले. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि माझं माहेर परजिल्ह्यात गेलं. चर्चच्या नकाशात हे आधीच झालं होतं. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, शहापूर-मुरबाड मुंबईच्या महाधर्मप्रांतात राहिले. म्हणजे इथल्या वसतिगृहाबद्दल बोलायचं तर मुंबईचे आर्चबिशप काय म्हणाले याला महत्त्व आहे. ते पुढे सांगते.

आधी त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. काय लिहिलंय?

कॅथलिकांचं धर्मशिक्षणाचं एक जाडजूड पुस्तक आहे, कॅटेकिझम म्हणतात त्याला. आत्ताचं पुस्तक 1992 साली आलं. त्यात परिच्छेदांना आकडे घातलेत. समलिंगी माणसांवर तीन परिच्छेद आहेत, 2357, 2358 आणि 2359. पहिला म्हणतो की असे शरीरसंबंध मुळातच चुकीच्या वळणाचे आहेत, त्यांना कधीच मान्यता देता येणार नाही. दुसरा म्हणतो की अशा माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारलं पाहिजे, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करता कामा नये. तिसरा म्हणतो की त्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळावं.

एकाच पानावर हे तिन्ही आहे. घराच्या दाराला पाटी, ‘स्वागत आहे’, आणि आत गेल्यावर बसायला जागा नाही. मधला परिच्छेद मी कितीतरी फादरांना वाचून दाखवला आहे. काहींनी तो पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिला मात्र सगळ्यांना पाठ. आणखी एक गोष्ट. 1992 च्या पुस्तकात असं होतं की ही माणसं आपली ही अवस्था स्वतः निवडत नाहीत. 1997 साली पुस्तकाची पक्की लॅटिन आवृत्ती निघाली, तेव्हा ते वाक्य गेलं आणि ‘हा कलच चुकीच्या वळणाचा’ अशा अर्थाचे शब्द आले. पाच वर्षांत माणूस बदलला नाही, वाक्य बदललं.

आता हे ‘चुकीच्या वळणाचं’ कशावरून? इथे आपल्या कामाची गोष्ट येते. चर्चचा हिशेब असा, शरीरसंबंध नवराबायकोचाच हवा आणि त्यात मूल होण्याची वाट मोकळी असली पाहिजे. ती वाट अडवली की तो संबंध चुकला. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिटे’ नावाचं पत्रक काढून गोळी, निरोध, ऑपरेशन, सगळ्या कृत्रिम साधनांना नाही म्हटलं. आज 2025 साली ते अजून लागू आहे.

म्हणजे कळलं का? ज्या तराजूत दोन मुलींचं प्रेम तोललं जातं, त्याच तराजूत तुमचं-माझं ऑपरेशन तोललं जातं. माझ्या माहेरच्या आळीत माझ्या पिढीतल्या बायकांना मोजा. दोन मुलांवर थांबलेल्या सगळ्या काय महिन्याच्या तारखा मोजून थांबल्या? सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून आल्या, पुढच्या रविवारी मिस्सेला गेल्या, रांगेत उभं राहून ख्रिस्तशरीर घेतलं. फादरांना माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. कोणी विचारलं नाही. मला याचा आनंदच आहे. माझा मुद्दा एवढाच की चर्चला डोळेझाक करता येते. विवाहित बाईच्या ‘पापा’कडे डोळेझाक होते, कारण तिच्यामुळे घर, नवरा, वंश यांची मांडणी हलत नाही. दोन मुली एकत्र राहतो म्हणाल्या की ती मांडणी हलते. मग लगेच आकडे घातलेला परिच्छेद बाहेर येतो.

हे पुस्तकाचं झालं. आता घरचं सांगते.

माझा धाकटा भाऊ लहानपणी वेदीसेवक होता. लाल-पांढरा झगा घालून घंटी वाजवायचा. त्याला फादर व्हायचं होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो पापनिवेदनाला गेला आणि जाळीच्या पलीकडच्या धर्मगुरूंना म्हणाला, मला मुलगे आवडतात, मी काय करू? कुठलं चर्च, कोण धर्मगुरू, ते सांगत नाही. ते आता हयात नाहीत. ते चिडले नाहीत की ओरडले नाहीत. म्हणाले, प्रार्थना कर, थंड पाण्याने आंघोळ कर, आणि वय झालं की लग्न कर, सगळं ठीक होतं. फादर व्हायचं मात्र मनातून काढ.

मला या वाक्यात अजून राग येतो तो शेवटच्या भागाचा नाही. ‘लग्न कर, ठीक होतं’ याचा. म्हणजे कुठल्यातरी मुलीला औषधाची बाटली करायचं. त्या मुलीचं काय होईल हे जाळीच्या त्या बाजूला सुचलंच नाही, आणि खरं तर या बाजूलाही कोणाला सुचत नाही. समलिंगी पुरुषाचं जबरदस्तीने लग्न लावतात तेव्हा दोन आयुष्यं जातात. दुसरं बाईचं असतं, म्हणून ते मोजत नाहीत. स्त्रियांच्या चळवळीने हा विषय आपला मानायला एवढं एक कारण पुरेसं होतं.

भावाने लग्न केलं नाही. पंधरा-सोळा वर्षं ख्रिस्तशरीरही घेतलं नाही. नाताळला घरी यायचा, मिस्सेला यायचा, मागच्या बाकावर बसायचा. सगळे रांगेत पुढे जायचे तेव्हा हा गुडघ्यांवर. आई विचारायची, ‘‘का रे जात नाहीस?’’ तो म्हणायचा, ‘‘पोट बरं नाही.’’ वर्षानुवर्षं नाताळलाच याचं पोट बिघडतं हे आईला काही खरं वाटत नसणार. पण आमच्याकडे असंच असतं. माहीत असतं आणि बोलायचं नसतं.

11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा 2009 चा निकाल फिरवला आणि 377 कलम पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. इंग्रजांनी 1860 साली घातलेलं कलम, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ते राहावं म्हणून कोर्टात जे गेले होते त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळ्या धर्मांचे लोक होते. एरवी एका मांडवात न बसणारे या बाबतीत शेजारी-शेजारी बसले. कॅथलिक चर्च त्या बाजूने उभं राहिलं नाही. आणि त्याच डिसेंबरात मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस बोलले. समलिंगी संबंध गुन्हा न मानण्याला आमचा कधीच विरोध नव्हता, कारण आम्ही या माणसांना गुन्हेगार समजलेलोच नाही. समलिंगी लग्नाला आमचा विरोध आहे, पण त्यांचा मान इतर कोणाही माणसाइतकाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. धर्मगुरूंनी प्रवचनात अशा माणसांबद्दल शब्द जपून वापरावेत, असंही त्यांनी त्याच वर्षी म्हटलं होतं.

हे ग्रेशियस साधे बिशप नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी जगभरातले जे मोजके कार्डिनल सल्लागार म्हणून निवडले होते त्यांत ते होते. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने ज्याला गुन्हा ठरवलं, त्याला गुन्हा मानायला एक कार्डिनल नकार देतो, ही लहान गोष्ट नव्हती. आपल्या अनेक पुरोगामी पुढाऱ्यांनी त्या आठवड्यात तोंड उघडलं नव्हतं.

भावाने त्या बातमीचं कात्रण आईला पाठवलं. नुसतं कात्रण, वर चिठ्ठी नाही. आईने ते वाचलं, घडी घातली आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मला मात्र फोन करून विचारलं, ‘‘तो दुसरा मुलगा काय खातो? मासे खातो का?’’ पुढच्या नाताळला ‘तो दुसरा मुलगा’ जेवायला होता.

तरी ‘कधीच नाही’ हा शब्द मला खटकतो, आणि तो खटकला पाहिजे. आम्ही वसईचे लोक आहोत. 1534 पासून 1739 पर्यंत आमच्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय, बसलं. वसईपर्यंत त्याचा हात पोचायचा. पोर्तुगीज इन्क्विझिशनला पुरुषा-पुरुषांमधल्या संबंधांवर खटला चालवण्याचा अधिकार सोळाव्या शतकातच मिळाला होता, आणि शिक्षा द्यायची वेळ आली की आरोपीला राजाच्या हवाली करत. तेव्हा पाप आणि गुन्हा यांच्यात भिंत नव्हती. ती नंतर बांधली. बांधली हे चांगलंच केलं, पण ती पहिल्यापासून होती असं कोणी सांगू नये.

आई 2017 साली गेली. अंत्यविधीच्या मिस्सेला आम्ही भावंडं पहिल्या बाकावर, आणि ज्याने तिला शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात रात्र-रात्र सोबत केली, तो शेवटच्या बाकावर. मीच पुढे बोलावलं नाही. एवढी शिबिरं घेणारी मी, पण मला काका-मावश्यांची भीती वाटली. पुढच्या वर्षी 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला. त्या दुपारी भावाचा फोन आला. म्हणाला, ‘‘आजपासून मी गुन्हेगार नाही. पापी आहे की नाही ते आईला विचारायचं राहून गेलं.’’

आता मी चर्चवर एवढं बोलले, तर थोडं आपल्यावरही बोलते. हे बोलायचं मी सत्तावीस वर्षं टाळलं आहे.

1998 चा डिसेंबर आठवा. मुंबईत ‘फायर’ सिनेमावर हल्ले झाले, शिवसेनेच्या महिला आघाडीच्या बायकांनी थिएटरात घुसून खेळ बंद पाडले. आपण शहापुरात तो सिनेमा पाहिलेला नव्हता. आपण पाण्याच्या मोर्चाच्या तयारीत होतो. भातसा, तानसा, वैतरणा आपल्या अंगणात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि आपल्या पाड्यावर हंडे. त्याच दिवसांत दोन मुली आपल्या ऑफिसात आल्या. एक ठाकर, एक कुणबी. एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायच्या. आसनगावला खोली घेऊन राहात होत्या. कुणबी मुलीचा काका आणि दोन भाऊ शोधत येणार होते, म्हणून त्या आपल्याकडे आल्या. का आल्या? तर भिंतीवर आपलं पोस्टर होतं, बाईचं शरीर बाईच्या हक्काचं, अशा अर्थाचं. त्यांनी ते खरं मानलं.

आम्ही पाच जणी बसलो. मी त्यांच्यात होते. चर्चा झाली. एक म्हणाली, हा शहरी विषय आहे. एक म्हणाली, लोकांना कळलं तर मोर्चाला बायका येणार नाहीत. मी काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. मी म्हणाले, ‘‘आत्ता नको.’’ काका आला. मारहाण करणार नाही असं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि मुलगी त्याच्या ताब्यात दिली. आपल्या लेटरहेडवर. वीस दिवसांत तिचं लग्न झालं. मारहाण झाली नाही, हेही खरं. कागद पाळला गेला.

दुसरी, ठाकर मुलगी, तिला न्यायला कोणीच आलं नाही. ती संध्याकाळी उठली आणि एका म्हाताऱ्या सिस्टरकडे गेली, जिने तिला शिवण शिकवलं होतं. सिस्टरने तिला तीन महिने ठेवून घेतलं. मी नंतर त्यांना भेटायला गेले, जरा तोऱ्यातच. म्हटलं, ‘‘सिस्टर, तुमचं पुस्तक तर याच्या विरुद्ध आहे.’’ त्या मशीनवर बसल्या होत्या. सुई वर घेऊन म्हणाल्या, ‘‘पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. हिला रात्री झोपायला जागा नव्हती, तेही मला माहीत होतं.’’

त्यांना देवी करू नका. त्या मुलीला त्या रोज सकाळी प्रार्थनेला बसवायच्या आणि ‘हे मनातून जाईल’ म्हणून सांगायच्या. मुलीने मला पुढे सांगितलं, ‘‘सिस्टर लई चांगल्या, पण रोज सकाळी मला वाटायचं, मी म्हणजे ताप आहे आन् त्या उतरायची वाट बघतात.’’ तेव्हा हे दोन्ही धरा. दार उघडणारी बाई तीच आणि ताप उतरायची वाट बघणारी बाईही तीच. ज्यांचं पुस्तक विरुद्ध होतं त्यांनी दार उघडलं, आणि आमचं पोस्टर बाजूने होतं.

आणि असं नाही की आपल्या चळवळीत कोणी बोलतच नव्हतं. मुंबईत 1995 पासून स्त्रीसंगम हा समलिंगी आणि उभयलिंगी बायकांचा गट होता. तोच पुढे लेबिया झाला. राष्ट्रीय परिषदांतून हा प्रश्न मांडला जात होता, त्यावर भांडणं होत होती. आमच्यापर्यंत ते आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मुंबई इथून लोकलच्या अंतरावर आहे.

आता रोमकडे पुन्हा एक फेरी मारते, कारण गेल्या बारा वर्षांत तिथे बरंच हललं. 2013 च्या जुलैत पोप फ्रान्सिस ब्राझीलहून परतताना विमानात म्हणाले की समलिंगी माणूस देवाला शोधत असेल, मनाने साफ असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण. जगभर गाजलं. 2021 च्या मार्चमध्ये त्यांच्याच कचेरीने जाहीर केलं की समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येत नाही, देव पापाला आशीर्वाद देऊ शकत नाही. 2023 च्या जानेवारीत पोप म्हणाले, समलिंगी असणं हा गुन्हा नाही. आणि 18 डिसेंबर 2023 ला पुन्हा त्याच कचेरीने नवं पत्रक काढलं, की धर्मगुरू अशा जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतो, मात्र विधीसारखा नाही, लग्नासारखा दिसेल असा तर नाहीच. आफ्रिकेतल्या बिशपांनी महिन्याभरात कळवलं, आमच्याकडे हे जमणार नाही. लगेच 2024 च्या एप्रिलमध्ये आणखी एक पत्रक आलं. त्यात समलिंगी असल्याबद्दल तुरुंगात टाकणाऱ्या देशांचा निषेध होता, आणि त्याच कागदावर लिंगबदलालाही विरोध होता. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सिस वारले, मे महिन्यात पोप चौदावे लिओ आले. ग्रेशियस जानेवारीतच निवृत्त झाले होते. कॅटेकिझमचे ते तीन परिच्छेद मात्र जागचे हललेले नाहीत.

आशीर्वादाचं ते पत्रक आलं तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. भावाचा जोडीदार हसायला लागला. म्हणाला, ‘‘तुमच्या वसईत नव्या होडीला आशीर्वाद मिळतो, रिक्षाला मिळतो, दुकानाला मिळतो. आता आमचाही नंबर लागला.’’ भाऊ हसला नाही. तो ओळखीच्या एका तरुण फादरांकडे गेला. फादर म्हणाले, देईन, आनंदाने देईन, पण घरी येऊन. चर्चमध्ये नको, फोटो नको. भाऊ तयार होता. जोडीदार म्हणाला, चोरून घ्यायचा तर मला नको. दीड वर्ष झालं, ते भांडण मिटलेलं नाही. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे माझा उपयोग कोणालाच नाही.

आता त्या दोन मुली. आपण काय केलं ते सांगते. मी आणि त्या आईच्या गटातल्या दोघी, अशा तिघी वसतिगृहाच्या प्रमुख सिस्टरांना भेटायला गेलो. मी परिच्छेद 2358 मराठीत लिहून नेला होता, आणि आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं ते पिवळं पडलेलं कात्रण. भांडायचं ठरवून गेलो होतो. सिस्टर तरुण आहेत, त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, ‘‘हे मला मान्य आहे. पण पन्नास मुलींचे पालक मला उद्या विचारतील.’’ माझ्यासोबतची एक, अंगठा सोडून नुकती सही शिकलेली, तिने विचारलं, ‘‘बाई, ‘अन्यायाने भेदभाव करू नये’ असं लिवलंय. मंग न्यायाने करावा का?’’ सिस्टरांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. दोन तास बसलो. निघाला तो मार्ग असा, की वर्गाला बसता येईल, परीक्षा देता येईल, दाखल्यावर काही शेरा मारणार नाहीत. वसतिगृहात परत घेणार नाहीत.

निम्मं मिळालं. काही मैत्रिणी मला म्हणाल्या, कोर्टात जा. जाता येईल. दोघी सज्ञान आहेत, एक एकोणीस, दुसरी वीस. 377 आता नाहीच. 1 जुलै 2024 पासून जुनी दंड संहिता गेली आणि नव्या न्याय संहितेत ते कलम घेतलेलंच नाही. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दिला नाही, ते काम संसदेवर सोडलं. पण एकत्र राहायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि 11 मार्च 2024 ला त्याच कोर्टाने सगळ्या हायकोर्टांना सांगितलंय की अशी एखादी मुलगी घरच्यांनी डांबल्याचं प्रकरण आलं तर तिची मर्जी तिला एकटीला, सुरक्षित जागी विचारा, आणि समजावून तिचं मन बदलायचा प्रयत्न करू नका. ही तारीख वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी कोणाचा काका आला आणि पोलीस पाटलाला घेऊन आला, तर कागद आपल्याकडून जाऊ दे, त्याच्याकडून लिहून घ्यायला नको.

1998 मधली ती कुणबी मुलगी मला दरवर्षी म्हशाच्या जत्रेत दिसते. पौषातली थंडी असते. तिला आता सून आली आहे. दोन वर्षांपूर्वी ती बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘ताई, ती कुठं असते आता?’’ मी सांगितलं, भिवंडीकडे, शिवणाचं दुकान आहे. ‘‘बरं आहे ना?’’ म्हटलं, बरं आहे. ती पुढे गेली.

मला वेळ संपल्याची खूण झाली आहे, जेवणाचा वासही येतोय. एकच काम राहिलं. दोघी मुलींना खोली हवी आहे. कॉलेजला लोकलने जायचंय म्हणून आसनगाव किंवा वासिंद, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी. परीक्षा होईपर्यंत दहा महिन्यांसाठी. भाडं त्या देतील, डिपॉझिटचं आपण गटातून बघू. घरमालकिणीला खरं काय ते आधी सांगून मगच खोली घ्यायची असं दोघींनी ठरवलंय. आतापर्यंत तीन ठिकाणी सांगितलं, तिन्ही ठिकाणी नाही म्हणाले. जिच्याकडे अशी खोली असेल तिने जेवणानंतर मला भेटा. सगळ्यांसमोर नको वाटलं तर मागे मोरीपाशी भेटलात तरी चालेल. मी ताटं धुवायला तिथेच असेन.